पैसा कोना हातमा शे? बचत गट, घरगुती उद्योग आणि शेतकरी कंपनी : खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पारोळा तालुक्यातल्या एका गावी गटाची बैठक होती. योजना, अनुदान, व्याजदर सगळं मी सांगून झालं. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका माउलीने तेवढ्यात विचारलं, "हाई सगळं ठीक शे, पन पैसा कोना हातमा शे?" म्हणजे पैसा कोणाच्या हातात आहे? त्या दिवसापासून कुठलीही योजना वाचताना मी आधी हाच प्रश्न विचारते. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत फिरताना बायका आणि शेतकरी जे विचारतात, तेच खाली लिहिलं आहे. उत्तरं अनुभवाची आहेत. नियमांचे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी संबंधित कार्यालयात एकदा खात्री करून घ्या.

बचत गट काढला म्हणजे उद्योग सुरू झाला का?

नाही, आणि इथेच बहुतेकींची गल्लत होते. गट म्हणजे एकत्र पैसे साठवायची आणि गरजेला एकमेकींना द्यायची सवय. उद्योग म्हणजे माल करणं, तो विकणं, आणि विकून हातात काय उरलं ते वहीत लिहिणं. गट नीट चालला तर उद्योगाला भांडवल मिळतं, एवढंच.

माझं स्पष्ट मत सांगते. बारा जणींनी मिळून एकच धंदा करायचा हा हट्ट धरू नका. बाराही जणींना सारखा वेळ नसतो. कोणाच्या घरी सून बाळंत असते, कोणाच्या शेतात कापूस फुटलेला असतो. मग ज्या राबतात त्या कुरकुरतात आणि ज्या येत नाहीत त्यांना वाटा मात्र हवा असतो. गटाचं भांडवल सगळ्यांचं, धंदा मात्र एकीचा, दोघींचा किंवा चौघींचा, अशी रचना जास्त टिकलेली मी पाहिली आहे.

गटात किती जणी लागतात? सुरुवात कशी करायची?

दहा ते वीस. एका गल्लीतल्या, एकमेकींच्या घरची परिस्थिती ठाऊक असलेल्या बायका असाव्यात. नियम पाच, त्यांनाच पंचसूत्री म्हणतात : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, कर्जाची नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लेखन. ग्रामीण भागात 'उमेद'चे, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, आणि महिला आर्थिक विकास महामंडळाचे, म्हणजे 'माविम'चे लोक गट बांधायला मदत करतात. माविम १९७५ पासूनचं आहे, उमेद २०११ पासूनचं. गावात आधीच कोणाचं काम चालू आहे ते पाहून त्यांच्याशी जोडून घ्या. दोन्हीकडे नाव घालायच्या भानगडीत पडू नका.

आपल्याकडची एक गोष्ट लक्षात ठेवा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीबाळी माहेरी जातात, त्या महिन्यात बैठकीला निम्म्या जणी नसतात. कापूस वेचणीतही तेच होतं. तेव्हा बैठकीचा वार आणि वेळ बायकांच्या कामाप्रमाणे ठरवा. साहेबांच्या सोयीने ठरवाल तर बैठक फक्त कागदावर होईल.

बँक कर्ज देते का? घर-शेत गहाण ठेवावं लागतं का?

देते, आणि गहाण लागत नाही. गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ साली पाचशे गटांपासून सुरू केला, त्यातून ही व्यवस्था उभी राहिली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही आणि गटाच्या बचत खात्यातले पैसे अडकवून ठेवता येत नाहीत. २० लाखांपर्यंतही तारणाची अट नाही. गट निदान सहा महिने पंचसूत्रीने चाललेला हवा. पहिलं कर्ज गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांतलं जे जास्त असेल ते.

एका शाखेत आमच्या गटाला सांगितलं गेलं, "आधी पन्नास हजारांची मुदत ठेव करा, मग कर्ज बघू." आम्ही वाद घातला नाही. "हे साहेब लेखी द्या" इतकंच म्हणालो. लेखी कोणीच देत नाही. पुढच्या आठवड्यात कर्ज मंजूर झालं. त्यासाठी आमच्या अध्यक्ष ताई तीन वेळा मजुरी बुडवून तालुक्याला गेल्या, ही गोष्ट मात्र मला अजून टोचते.

मायक्रोफायनान्सवाले तर दारात येऊन पैसे देतात. मग गट कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात माणूस आजारी पडलं की दुसऱ्या दिवशी पैसा लागतो, बँक तेवढ्या लवकर देत नाही. पण फरक समजून घ्या. मायक्रोफायनान्स म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्या. गटातलं व्याज गटाच्याच पेटीत परत येतं आणि वर्षाअखेर तुमचंच असतं. कंपनीला दिलेलं व्याज गावाबाहेर जातं. गटाचा हप्ता चुकला तर शेजारीण विचारायला येते, कंपनीचा चुकला तर दारात वसुलीचा माणूस उभा राहतो.

अडचण एका कर्जाने येत नाही. पहिलं फेडायला दुसरं आणि दुसरं फेडायला तिसरं काढलं की घर बुडतं. आंध्र प्रदेशात हेच झालं. तिथे २०१० साली सरकारला वटहुकूम काढून या कंपन्यांच्या वसुलीला चाप लावावा लागला.

तुमचे हक्क तरी माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं हे कर्ज विनातारण असतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी त्रास देता येत नाही. हे चार मुद्दे मोठ्या अक्षरात लिहून गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

कोणता धंदा करावा?

जो तुमच्या हाताला आधीच येतो आणि ज्याचा कच्चा माल पाच कोसांत मिळतो तो. खान्देशात शोधायला लांब जावं लागत नाही. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगरला केळी आहे. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. नवापूरच्या तूरडाळीलाही आहे. नंदुरबार, दोंडाईच्याला मिरची. धडगावला आमचूर, मोलगीकडे भगर. आणि घरोघरी उडदाचे पापड, कुरडया, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड.

बिबड्यांचंच बघा. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, मग भरडून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा. त्यात लसूण, मिरची, तीळ. घाटा खाली लागू नये म्हणून दोघींना आळीपाळीने घोटावा लागतो आणि चटके बसतात ते वेगळे. मग ओल्या धोतरावर हात पाण्यात बुडवून थापायचे. कडक ऊन असलं तर संध्याकाळी कापडाच्या मागून पाणी शिंपडलं की बिबडा अलगद सुटतो. ऊन कमी पडलं तर चिकटतो, फाटतो, वाया जातो. हे कौशल्य कुठल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवत नाहीत. पुण्यात, सुरतेत, नाशकात गेलेला आपला माणूस त्या चवीसाठी तळमळतो, पण त्याच्या फ्लॅटला ना गच्ची आहे ना वेळ. बाजार तिथे आहे.

नको तो धंदा कोणता, तेही सांगते. शेजारच्या गटाला अनुदान मिळालं म्हणून तुम्हीही घेतलेलं यंत्र. अगरबत्ती, द्रोण-पत्रावळी, मेणबत्तीची यंत्रं किती गावांत गोणपाटाखाली झाकून पडलेली पाहिली आहेत. यंत्र आधी आलं आणि गिऱ्हाईक कोण ते नंतर विचारलं, म्हणून.

केळीचे वेफर्स परवडतात का?

परवडतात, पण हिशेब बरोबर मांडला तर. इथे थोडं सविस्तर लिहिते. खालचे भाव अंदाजी धरले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे आकडे घाला.

समजा १०० किलो भरलेली कच्ची केळी ८ रुपये किलोने घेतली : ८०० रुपये. साल, दांडा जाऊन आणि तळून साधारण २५ किलो वेफर्स हाती येतात. तेल जवळपास १० किलो खर्ची पडतं, १४० च्या भावाने १,४०० रुपये. गॅस ३००. मीठ, मसाला, पिशव्या ५००. वीज आणि रिक्षा ३००. आतापर्यंत झाले ३,३०० रुपये, म्हणजे किलोला १३२. बहुतेक गट इथेच थांबतात, १६० ला विकतात आणि किलोमागे २८ रुपये सुटले म्हणून खूश होतात.

आता तिघी दिवसभर राबल्या त्याचं काय? शेतात गेल्या असत्या तर ४०० रुपये रोज मिळाला असता असं धरा. तिघींचे १,२०० झाले. खर्च ४,५०० वर गेला, किलोला १८०. म्हणजे १६० ला विकताना किलोमागे २० रुपयांचा तोटा होत होता, आणि तो तोटा बायकांच्या घामातून भरला जात होता. वहीत तो दिसत नव्हता, कारण बाईच्या श्रमाला वहीत रकानाच नव्हता. मी प्रत्येक गटाला पहिली गोष्ट सांगते ती हीच : 'आपली मजुरी' असा रकाना आखा. मग भाव ठरवा. गिऱ्हाईक त्या भावाला घेत नसेल तर धंदा बदला, मजुरी पुसू नका.

कच्चा माल स्वस्तात केव्हा मिळतो? मे-जूनमध्ये वादळ आलं की रावेर-मुक्ताईनगर पट्ट्यात बागा आडव्या होतात आणि घड अक्षरशः मातीमोल जातात. त्यातले भरलेले घड वेफर्सला, पिठाला चालतात. कोवळे चालत नाहीत. त्या वेळी चार जणी आणि कढई तयार असेल तर शेतकऱ्याचंही थोडं नुकसान भरून निघतं. एरवी बाजारात नापसंत होणाऱ्या फण्याही चालतात. पिकलेली केळी मात्र वेफर्सला घेऊ नका.

आमची पहिली चूकही लिहून ठेवते. पावसाळ्यातला पहिला माल आम्ही गरम असतानाच पातळ पिशव्यांत भरला. दिसायला सुरेख होता. बारा दिवसांत खवट वास आला आणि दुकानदाराने चाळीस पाकिटं परत केली. एका ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तेल त्यांनी उधार आणलं होतं. तेव्हापासून नियम केला : वेफर्स पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीला हात लावायचा नाही, पिशवी जाड आणि नीट सील केलेली, आणि तेच तेल पुन्हापुन्हा काळं होईपर्यंत वापरायचं नाही. दर घाण्यातलं एक पाकीट महिनाभर घरी ठेवून चाखायचं.

कोणते परवाने लागतात?

खायचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी. छोट्या धंद्याला साधी नोंदणी पुरते; बरीच वर्षं १२ लाखांच्या आतली वार्षिक उलाढाल आणि वर्षाला १०० रुपये शुल्क अशी पद्धत होती, सध्याची मर्यादा विचारून घ्या. त्याहून मोठ्या धंद्याला परवाना. अर्ज ऑनलाइन होतो आणि चौदा अंकी क्रमांक मिळतो. दुसरी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, ती पूर्ण फुकट आहे. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारा दलाल दिसला तर दार लावून घ्या.

पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, किती दिवसांत खावं, बॅच क्रमांक, नोंदणी क्रमांक, पत्ता, संपर्क आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका हवा.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेचा फायदा गटाला कसा होतो?

२९ जून २०२० ला सुरू झालेली ही योजना आपल्याकडे कृषी विभागामार्फत चालते. एका उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान. ते बँक कर्जाशी जोडलेलं असतं, आणि किमान १० टक्के रक्कम आपली घालावी लागते. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सदस्येला खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल, एका गटाला जास्तीत जास्त ४ लाख. जळगावसाठी 'एक जिल्हा एक उत्पादन' म्हणून केळी आणि नंदुरबारसाठी मिरची निवडलेली आहे. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करतात. त्यांचं मानधन योजनेतून दिलं जातं, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही. मुदत आणि निधी चालू आहे ना, ते तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारून घ्या.

अनुदान बायकोच्या नावावर आणि गिरणी नवऱ्याच्या ताब्यात असंही पाहिलं आहे. कागदाप्रमाणे ती महिला उद्योजक. तिला विचारलं तर गिरणीत दिवसाला किती पोती दळली जातात ते तिला ठाऊक नाही. अशा अर्जावर मी शिफारशीची सही करत नाही.

माले सही करता येत नई. मी काय धंदा करू?

माय, करता येईल. नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, देठ खुडणाऱ्या बायका तोंडी हिशेब असा करतात की मुकादम चूक काढू शकत नाही. अंगठ्याने खातं उघडतं आणि अंगठ्याने पैसे निघतात. फक्त दोन गोष्टी शिका : आपला खाते क्रमांक ओळखणं, आणि पावतीवरचा आकडा वाचणं. वाचता येणारी नात घरात असेल तर तिला दर आठवड्याला गटाची वही वाचायला बसवा. दोघींचंही शिक्षण होतं.

आम्ही पथारीवर मजुरी करतो. मिरचीचा धंदा आमचा होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण वाळवण्यात शिरू नका. ओली लाल मिरची घेऊन वाळवायला जागा, मोठं भांडवल आणि पावसाची भीती झेलायची ताकद लागते. अवकाळी आला की पथारीवरचा माल डोळ्यांदेखत काळा पडतो. तो धोका मोठ्या व्यापाऱ्याला पेलतो, दहा जणींच्या गटाला नाही. तुम्ही वाळलेली, निवडलेली मिरची घेऊन कांडपापासून सुरुवात करा. निवडण्यात तुमची नजर तयार आहेच. ती नजरच तुमचं भांडवल. रंग न घातलेली, देठ-बी काढून कुटलेली चटणी शहरात चांगल्या भावाने जाते. आणि काम करताना तोंडाला फडकं, हाताला तेल, डोळ्याला चष्मा. मजुरीवर असताना कोणी दिलं नसेल, आता मालकीण तुम्ही आहात.

सातपुड्यातल्या आमचूर, मोह, भगरीचं काय?

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका कैऱ्या सोलून फोडी करतात, खडकावर आणि अंगणात वाळवतात. फोड जितकी पांढरी तितका भाव. माल मात्र बाजाराच्या दिवशी डोक्यावर वाहून न्यायचा आणि व्यापारी सांगेल त्या भावात टाकून यायचा, कारण परत वर घेऊन जाणं परवडत नाही. इथे उद्योग म्हणजे यंत्र नव्हे. आधी हवीत साठवणीची कोरडी खोली आणि आपला वजनकाटा. चार आठवडे माल थांबवता आला तर भाव बोलता येतो.

वन हक्क कायदा २००६ ने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या मालावर, गावाची मालकी आणि ते विकण्याचा हक्क मान्य केला आहे. सामूहिक वन हक्काचा दावा मंजूर झाला असेल तर ग्रामसभा स्वतः विक्री ठरवू शकते. २०१८ पासून वनधन केंद्रांची, म्हणजे वनोपजावर प्रक्रिया करून विकणाऱ्या केंद्रांची, योजना आहे. साधारण ३०० वनोपज गोळा करणाऱ्यांचं एक केंद्र, त्याला १५ लाखांपर्यंत मदत. आपल्या राज्यात ते काम शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडे आहे.

शेतकरी उत्पादक कंपनी म्हणजे काय? ती सहकारी संस्थेहून वेगळी कशी?

कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन ही सोय आली. किमान दहा शेतकरी लागतात, संचालक पाच ते पंधरा. भागधारक फक्त उत्पादक. कोणाचे शेअर कितीही असोत, मत एकच. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. वीस एकरवाला आणि दोन एकरवाली, दोघांचं वजन सारखं.

२०२० मध्ये केंद्राने दहा हजार कंपन्यांची योजना आणली. सपाट भागात किमान ३०० सभासद, डोंगरी भागात १००. तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चाला १८ लाखांपर्यंत मदत, आणि सभासदामागे २,००० रुपये, कमाल १५ लाख, भागभांडवलाला जोड. राज्यात जागतिक बँकेच्या साहाय्याने अशा कंपन्यांना मदत करणारा 'स्मार्ट' प्रकल्पही चालतो.

पण कंपनी चालते ती एकत्र खरेदी-विक्रीवर. तीनशे जणांनी खत, बियाणं एकत्र घेतलं, मका-हरभरा एकत्र तोलला, स्वच्छ करून विकला, तर कंपनी जगते. योजनेसाठी काढलेली कंपनी अनुदान संपताच संपते. सभासद होण्याआधी तीन गोष्टी विचारा : मागच्या वर्षी विक्री किती झाली, लेखापरीक्षण झालं का, वार्षिक सभा कधी झाली. उत्तर देताना संचालक चिडला तर शेअर घेऊ नका.

कंपनीत आमच्या घरून मालकच सभासद आहेत. मी कशाला?

कारण कपाशी निंदणारी, वेचणारी तुम्ही आहात आणि सभेत बोलणारा दुसराच कोणी असतो. कृषी गणनेप्रमाणे २०१५-१६ साली देशातल्या वहिवाटीच्या खातेदारांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. बांधावर जाऊन पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीक कर्ज, पीक विमा, नुकसानभरपाई, सभासदत्व सगळीकडे अडतं. नवरा गेल्यावर तर बाईला स्वतःच्याच शेतात परकं व्हावं लागतं. मी अशा बायकांसोबत तलाठ्याच्या दारात बसले आहे. तो अपमान लिहून कळणार नाही.

सातबाऱ्यावर नाव लावायला काय करावं?

लग्न झालेल्या बाईसाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे : नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज दिला की त्याच्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. या मागणीमागे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं आंदोलन होतं. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरलं, त्यानंतर लक्ष्मी मुक्तीची मोहीम गावोगावी गेली. आपल्या भागातल्या अनेक गावांतल्या वयस्कर माणसांना ते दिवस आठवतात. त्यांनाच पुढे करा, तरुण नवरे त्यांचं ऐकतात.

लेकींसाठी : हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यांनी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क पक्का केला आहे. आपल्याकडे 'भावाशी नातं तुटेल' म्हणून हक्कसोड पत्रावर सही करून घेतात. सही करण्याआधी एक रात्र थांबा.

घरचे म्हणतात, धंद्याचे पैसे घरात दे. द्यायचे की नाही?

घराला द्या, पण धंद्याची पेटी वेगळी ठेवा. पुढच्या घाण्याचं तेल-पीठ येईल इतकी रक्कम आधी बाजूला, मग आपली मजुरी, मग उरेल त्यातून घर. खातं स्वतःच्या एकटीच्या नावावर असू द्या आणि मोबाइल क्रमांकही स्वतःचा जोडा. बँकेचे संदेश मुलाच्या फोनवर जात असतील तर खातं तुमचं नाही.

सासूबाईंशी भांडून धंदा करू नका, हा माझा अनुभव. पापडाचं पीठ कुटताना त्यांना बोलवा, लाटी चाखायला द्या. चव बघणारी तीच सगळ्यात पक्की असते. एका गटात तर सासूबाईच आता मालाची तपासणी करतात, आणि त्या नापास करतील तो पापड बाहेर जात नाही.

माल विकायचा कुठे?

आधी गावात आणि तालुक्याच्या आठवडे बाजारात. मग जळगाव-धुळ्याची दुकानं. दुकानदार उधारीवर घेतो आणि महिनोन् महिने फिरवतो. त्यामुळे पहिली खेप निम्मे पैसे रोख घेऊनच द्या, दुसरी खेप पहिलीचे पूर्ण पैसे आल्यावर. प्रदर्शनाला जा, पण तिथला गल्ला म्हणजे विक्री नव्हे. तिथे मिळालेले फोन नंबर म्हणजे विक्री. दिवाळी, आखाजी आणि खान्देशातल्या कानबाईच्या सणाआधी त्या नंबरांवर आपल्या मालाचे फोटो पाठवा.

हे सगळं इतर गरीब देशांतही चालतं का?

चालतं, आणि अडचणीही आपल्यासारख्याच. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावात छोट्या कर्जांनी सुरुवात केली, १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. आपल्याकडे अहमदाबादेत इला भट्ट यांची 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना १९७२ ची. केरळची बायकांच्या गटांची सरकारी मोहीम कुटुंबश्री १९९८ ची. आपल्याच साताऱ्यात म्हसवडला १९९७ पासून माणदेशी महिला बँक आहे. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभं राहिलं.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०११ च्या अहवालात मांडलं की शेतकरी बाईला पुरुषाइतकीच साधनं मिळाली तर तिच्या शेताचं उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकतं. जमीन तीच आणि बाईही तीच, कमी असतं ते तिच्या हातातलं खत, कर्ज आणि अवजार. २०२६ हे वर्ष महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर झालं आहे. ग्रामसभेत नावनोंदणीचा विषय काढायला हे निमित्त चांगलं आहे.

मी खान्देशातलाच, पण पुण्यात नोकरी करतो. मदत कशी करू?

यंत्र भेट देऊ नका. आगाऊ मागणी द्या. वैशाखात पंचवीस घरांची पापड-बिबड्यांची मागणी गोळा करा आणि निम्मे पैसे आधी पाठवा, म्हणजे गटाला उडीद उधार आणावा लागत नाही. पैसे गटाच्या किंवा त्या ताईंच्या खात्यावर पाठवा, गावातल्या पुढाऱ्याच्या नव्हे. भाव करू नका. गावी आलात की घरातल्या सातबाऱ्यावर आईचं, वहिनीचं नाव आहे का ते बघा, त्याला पैसाही लागत नाही.

गट फुटायच्या बेतात आहे. काय करावं?

आधी वही उघडा. भांडण स्वभावाचं वाटतं, पण दहातल्या आठ वेळा ते हिशेबाचं निघतं. सगळ्यांसमोर पहिल्या पानापासून आकडे मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या नावापुढची बचत त्यांना तोंडी विचारून जुळवा. अध्यक्ष-सचिव पाच-सहा वर्षं त्याच असतील तर बदला.

पहिल्या बैठकीला काय काय आणायचं?

एक जाड वही, शाईचं पेन, अंगठ्याची पॅड, कुलपाची पेटी आणि ठरलेली बचत. पेटीला तीन कुलपं लावा आणि किल्ल्या तिघींकडे द्या. बसायला अशी जागा निवडा की ओट्यावरून जाणाऱ्या पुरुषांना ऐकू जाणार नाही. पहिल्या बैठकीला बायका हळू बोलतात.